खाजरी शेवळं

माझं पोट लहानपणापासून जळकं. दुसऱ्याच्या खाचरात माझ्या आधी पाणी भरलं तरी मला अन्न गोड लागायचं नाही. माझी बायको, म्हणजे म्हातारी, हयात होती तेव्हा जव्हारहून एक कासार पाड्यावर यायचा. बांगड्या भरता भरता तो तिला हसवायचा, आणि मी ओट्यावर बसून कोयत्याला उगाच धार लावत राहायचो. ती आतून ओरडायची, "तुझं पोट जळतंय, पाणी पी." मी पाणी प्यायचो. थोडं कमी व्हायचं.

आता ती नाही, आणि पाण्यानं काही कमी होत नाही. म्हातारपणी मी ज्या बाईवर जळलो तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. ती माझ्या नातीच्या शाळेत यायची, एका खोलीत बसायची आणि पोरांचं ऐकून घ्यायची. बस. एवढ्यावर मी वर्षभर जळलो.

आमचा पाडा सूर्यमाळच्या अंगाला. नागली, वरई आणि खालच्या दोन खाचरांत भात. दिवाळी झाली की माझा मुलगा आणि सून भिवंडीकडं वीटभट्टीवर जातात, ते पेरणीच्या तोंडावर परत येतात. त्यांची एकच पोरगी. ती तान्ही असल्यापासून म्हातारीजवळ वाढली. पुढं मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत राहायला गेली, पण सुट्टी लागली की थेट आजीकडं. घरात पाय टाकायच्या आधी कोंबड्यांना हाक मारायची, म्हातारीसारखीच, "तीऽ तीऽ तीऽ". कोंबड्या धावत यायच्या. मी तीच हाक मारली तर मान वर करून बघायच्या आणि पुन्हा खाली घालायच्या. त्या कोंबड्यांवरही मी जळायचो, मग माणसाची काय गोष्ट.

मागल्या वर्षी होळी झाली आणि म्हातारी गेली. ताप आला, दम लागला, जीपनं दवाखान्यात नेली, आणि परत आणली ती झाकून. नात आली होती. रडली नाही. पाहुण्यांना पाणी देत फिरत होती. बाया म्हणाल्या, पोरगी शहाणी हाय. मलाही तसंच वाटलं.

आता शेवळांचं सांगतो, कारण माझं सगळं घोडं तिथंच अडलं. मिरगाच्या तोंडावर आमच्या रानात जमिनीतून शेवळं वर येतात. कोंब असतो, वीतभर, वांगी रंगाचा. भाजी अशी होते की मटण बाजूला ठेवावं. पण शेवळ खाजरं असतं. नीट शिजवलं नाही तर घसा असा खाजतो की बोट घालून ओरबाडावंसं वाटतं. म्हणून त्यात काकडं घालतात. काकड म्हणजे खायची काकडी नव्हे, रानातल्या झाडाचं आवळ्याएवढं आंबट फळ. त्यानं खाज मरते. हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. पण ठाऊक असणं वेगळं आणि शिजवणं वेगळं. म्हातारीनं मला कधी चुलीजवळ येऊ दिलं नाही. म्हणायची, "बाप्या माणसानं शेवळाला हात लावला की ते चिडतं."

मागल्या जूनमध्ये नात शाळेत परत जाणार होती, मुलगा आणि सून अजून भट्टीवरून आले नव्हते. आजी नाही, तर शेवळं चुकायला नकोत, म्हणून मी रानात गेलो, निवडून आणली, काकडं आणली आणि शिजवली. नागलीची भाकर थापली, ती तुटली. पोरीनं ताटातलं सगळं खाल्लं. एक शब्द बोलली नाही. मी पहिला घास घेतला आणि कळलं, घसा पेटला. पण ती खातेय म्हटल्यावर मीही खाल्लं. दोघं मुकाट्यानं खात बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं धुरानं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. काही दिवसांनी वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंचा फोन आला, "बाबा, तुमची नात जेवत नाही. घास तोंडात धरते आणि बाहेर जाऊन टाकते. घशात खाजतं म्हणते."

शेवळं खाऊन झाली त्याला कितीतरी दिवस झाले होते, पण मला दुसरं काही सुचेना. मीच घातली होती खाज तिच्या घशात. मुलगा आणि सून खाचरात लावणीला गुंतले होते, म्हणून मीच भगताकडं गेलो. त्यानं दोरा दिला, राख दिली. शाळेतून तिला घेऊन जव्हारला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं बॅटरी लावून घसा बघितला, रक्त काढलं, म्हणाला, "घशात काही नाही. पण वजन उतरलंय, हे चांगलं नाही. शाळेतल्या समुपदेशकांना भेटवा."

"शेवळांनी झालंय डॉक्टर," मी म्हणालो. "मी शिजवली होती."

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, "शेवळाची खाज इतके दिवस टिकत नाही, बाबा."

शेजारीण मात्र हसली. "बाप्यानं शेवळं शिजवली, आणखी काय व्हायचं! पोरीचा घसाच जाळलास रे भाऊ." ती गंमत करत होती. मला गंमत वाटली नाही.

अधीक्षिकाबाई नातीला त्या बाईच्या खोलीत पाठवायला लागल्या. खोलीवर पाटी होती. मी चौथी शिकलेला. एकेक अक्षर लावलं, समु, पदे, शक. मग कळलं की यात उपदेश आहे. म्हटलं, बरं आहे. कुणी कीर्तनकारीण असणार, पोरांना चार गोष्टी सांगत असेल. जेवा, अभ्यास करा, आईबापाचं ऐका. ते तर मीही सांगतो. तिला पगार मिळतो, मला नाही, एवढाच फरक.

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी मी शाळेत जायला लागलो. शेव घ्यायचो, बुंदीचा लाडू घ्यायचो. नात यायची, पिशवी हातात घ्यायची, "बरा हाय का आजा?" म्हणायची आणि खाली बघत उभी राहायची. मी विचारायचो, "घसा?" ती म्हणायची, "हाय तसाच." आमचं बोलणं संपायचं. पिशवी ती मैत्रिणींना देऊन टाकायची, हे मला स्वयंपाकघरातल्या बाईनं सांगितलं.

त्याच बाईला मी एकदा विचारलं, "ती उपदेशवाली काय करते गं तिच्याशी?"

"काय नाय. बसते."

"बसते म्हणजे?"

"बसते. पोरी बोलतात, ती ऐकते. कधी कधी पोरी पण बोलत नायत. मग दोघी बसतात."

"बसायचा पगार?"

"मग तुम्ही बसा की. कोण नाय म्हणतंय?"

मला राग आला, पण तिनं मला चहा दिला होता, म्हणून गप्प राहिलो.

ती खोली पूर्वीची कोठीघराची. तांदळाच्या गोण्या काढून तिथं दोन खुर्च्या आणि एक चटई टाकली होती. पोरी तिला "बोलायची खोली" म्हणतात. एकदा मी मागच्या बाजूनं गेलो. दार लोटलेलं होतं, पण खिडकीची एक फळी निखळलेली. मी बघितलं. बघू नये, पण बघितलं. बाई चटईवर मांडी घालून बसली होती. तरणी, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. पुढ्यात तिचा डबा उघडा होता, चपाती आणि कसलंसं लोणचं. माझी नात समोर. ती काहीतरी सांगत होती, हात हलवून. हात असा गोल फिरवला, मग बोटांनी काहीतरी सोलल्यासारखं केलं. आणि बोलता बोलता, स्वतःच्या ध्यानात नसताना, तिनं बाईच्या डब्यातला चपातीचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. चावला. गिळला.

मी तिथं उभा होतो. माझ्या खिशातला लाडू कागदात फुटला होता.

दुसरा कुणी असता तर देवाला हात जोडले असते. पोरगी जेवली! मीही जोडायला पाहिजे होते. पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की माझ्या लाडवाला खाज आणि हिच्या शिळ्या चपातीला नाही? सहा महिन्यांची होती तेव्हा नागलीची पेज मी फुंकून फुंकून पाजली होती हिला. ही बाई कोण? परवा आली.

लाडू मी घरी आणून कोंबड्यांना टाकला. तो मात्र त्यांनी खाल्ला.

दिवाळी झाली, पोरगी सुट्टीत घरी होती आणि मुलगा आणि सून भट्टीवर निघायची तयारी करत होते. तेव्हा पोरगी थोडी थोडी जेवायला लागली होती, पण गालफडं बसलेलीच. मुलगा मुंबईकडच्या भाषेत बोलतो आता. म्हणाला, "बाबा, टेन्शन नको घेऊ. नाय जमत तर तिला भट्टीवर घेऊन जातो. सेठला बोललोय. आमच्या डोळ्यासमोर राहील, रोट्या बनवील. नायतर एखादं स्थळ बघू."

सून भाकऱ्या थापत होती. पोरगी ताटात बोट फिरवत होती. मी म्हणालो, "उन्हाळ्यापर्यंत राहू दे. मी बघतो." मुलगा म्हणाला, "ठीक. पेरणीला येईन तेव्हा तू सांगशील ते. तू नाय म्हणालास तर दहावी बंद."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. आणि माझ्या मनात काय होतं ते सांगून टाकतो. पोरीची शाळा सुटावी असं मला वाटत नव्हतं. पण ती खोली सुटावी असं वाटत होतं. दोन्ही एकाच दाराच्या आत होतं, ही अडचण.

थंडी सरता सरता शाळेनं मुलींना शिरपामाळला सहलीला नेलं. अधीक्षिकाबाईंनी मोबाईलवर फोटो दाखवला. पोरी दगडांवर बसल्यात, मागं डोंगर, बाहेरून आलेली पाहुणे मंडळी इकडंतिकडं. माझी नात त्या बाईच्या शेजारी, तोंड उघडं टाकून हसतेय. दात दिसत होते. म्हातारी गेल्यापासून मी तिचे दात बघितले नव्हते. शिरपामाळला मीच तिला पहिल्यांदा नेलं होतं, खांद्यावर बसवून. तेव्हा फोटो काढणारं कुणी नव्हतं.

तो फोटो बघितला आणि पुढच्याच बाजाराला मी ठरवून शाळेत गेलो. म्हटलं, बास. सही करायची आणि पोरगी घरी न्यायची. माझी नात मी सांभाळीन. मी खोलीचं दार सरळ ढकललं. बाई एकटीच होती.

"या आजोबा. बसा."

"बसायला आलो नाय. ती तुमच्याशी काय बोलते ते सांगा."

"ते मी नाही सांगू शकत."

"मी आजा हाय तिचा."

"माहीत आहे. तुमच्याबद्दल खूप बोलते."

"काय बोलते?"

बाई हसली. "तेच तर. तिनं इथं सांगितलेलं मी बाहेर नेलं, तर ती उद्या या दारात येणार नाही. जिवावर बेतण्यासारखं काही असतं तर मी स्वतः तुमच्या पाड्यावर आले असते. ते तिलाही सांगून ठेवलंय. बाकीचं तिचं आहे. तिलाच विचारा."

"विचारतो मी. घसा कसा हाय, विचारतो. दर खेपेला."

"घशाखेरीज दुसरं काही?"

मला ते झोंबलं. मी म्हणालो, "तुम्ही कोण हो तिच्या? ना नात्याच्या, ना गावच्या."

"कुणी नाही," ती म्हणाली. "मला वाईट वाटेल म्हणून तिला काही गिळून ठेवावं लागत नाही. तुमच्यापुढं लागत असेल." मग म्हणाली, "तुमचं जेवणखाण होतं का नीट, आजोबा?"

असला राग आला! माझ्या जेवणाची चौकशी करणारी एकच होती आणि ती मेली. मी उठलो, उठलो म्हणजे उभाच होतो, वळलो. दारात नात उभी. सगळं ऐकलेलं.

"चल," मी म्हणालो. "कपडे घे. घरी जायचं."

ती मला कधी नाही म्हणाली नव्हती. हातातली वही छातीशी धरली आणि म्हणाली, "आजा, मी नाय येणार. परीक्षा हाय. सुट्टी लागली की येईन." आणि थोडं थांबून, "तू रागावलास तरी चालेल."

ही तिची भाषा नव्हती. ही त्या खोलीतली भाषा. मी जीपमध्ये बसून घरी आलो आणि वाटेत एकाशी सीटवरून भांडलो.

त्या आठवड्यात टँकर आला तेव्हा रांगेत एक माझ्या वयाचा म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "काय रे, तुझी नात येड्यांच्या बाईकडं जाते म्हणं?"

मी म्हणालो, "तुझा मुलगा रोज गुत्त्यावर जातो. तो कुणाकडं जाऊन बोलला असता तर तुझी सून माहेरी गेली नसती."

मी हंडा उचलून निघालो तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी त्या बाईची बाजू घेऊन भांडलो. हंडा निम्मा सांडला माझ्या रागानं. टंचाईच्या दिवसांत!

सुट्टी लागली आणि पोरगी आली. कोंबड्यांना हाक मारली, त्या धावल्या. जेवायला लागली होती. सावकाश, पण ताट रिकामं करायची. आणि बोलायला लागली होती, ते मात्र मला पेलवेना. सारखं "बाई म्हणतात". बाई म्हणतात रडू आलं तर रडावं. बाई म्हणतात झोप येत नसेल तर पडल्या पडल्या श्वास मोजावा. मी म्हणालो, "ती तर नुसती ऐकते म्हणं. मग इतकं म्हणते कधी?" पोरगी हसली. म्हणाली, "आजा, तुला बाई आवडत नाय."

"मला काय करायचंय. माझी कोण ती?"

"तुझं पोट जळतंय," ती म्हणाली.

ते वाक्य या घरात एकाच तोंडचं होतं.

भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजून झाला होता. मुलगा आणि सून भट्टीवरून यायचे होते. ते आले की मला हो किंवा नाही सांगायचं होतं. रानात शेवळं वर आली होती. मी ठरवलं की यंदा असं शिजवीन की पोरगी बाईचं नाव विसरेल. मागल्या वर्षी काकडं कमी पडली असणार, असा माझा हिशेब. म्हणून यंदा दुप्पट आणली. तिला सांगितलं, "तू बस. मी करतो." ती बसली. माझ्या हाताकडं बघत होती, ओठ आवळून.

ताट वाढलं. मी मुद्दाम तिच्या आधी घास घेतला नाही. तिनं घेतला. चावला. थांबली. मी तिच्या घशाकडं बघत होतो. मागल्या वर्षीसारखं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, संपलं. आता गिळणार, उद्यापासून पुन्हा घास थुंकणार, आणि परवा मुलाला मी काय सांगू?

तिनं घास हातात काढला. ताटाच्या कडेला ठेवला.

"आजा," ती म्हणाली, "खाजतंय."

मी तिच्या ताटाकडं वाकलो.

"लय खाजतंय. आंबट ढाण पण झालंय. फेकून दे."

"मग मागल्या वर्षी का नाय बोललीस? सगळं खाल्लंस."

ती बोलली ते चुलीकडं बघून. "बोलले असते तर आजी नाय, असं झालं असतं. तू पण खात होतास. मला वाटलं, आपण दोघं खातोय तवर काय झालेलं नाय. मग शाळेत गेले तर सगळंच खाजायला लागलं. भात पण. पाणी पण."

मी ताट उचललं आणि सगळं कोंबड्यांपुढं ओतलं. त्यांनी तोंड लावलं नाही.

"चुकतंय कुठं?" मी विचारलं. "काकडं तर एवढी घातली."

"काकडांचं नाय रे. पिवळं काढायला पाहिजे." तिनं टोपलीतलं एक शेवळ घेतलं, हातांना तेल चोळलं, वरचं पान सोललं आणि आतला देठाजवळचा पिवळा दाणेदार भाग नखानं उडवला. हात गोल फिरवला, बोटांनी सोललं. खिडकीतून मी हेच बघितलं होतं. "हे राहिलं की कितीपण काकडं घाल. आणि काकडं आख्खी नाय टाकायची. उकडून कुस्करून गर घ्यायचा. आजी असंच करायची."

"हे तू त्या बाईला सांगितलंस?"

"हो."

"मला नाय."

"तू विचारलंस कुठं? आणि तुझ्यापुढं आजीचं काढलं की तू उठून गुरांकडं जातोस."

खरं आहे. जातो.

ती सोलत राहिली. मीही एक घेतलं आणि सोलू लागलो. मग ती गालातल्या गालात हसत म्हणाली, "आजी एक सांगायची तुझं."

"काय?"

"लगीन झालं त्या वर्षी आजीनं पहिल्यांदा शेवळं केली. गडबडीत पिवळं काढायचं राहिलं. तू खाल्लीस. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आणि म्हणतोस कसा, झ्याक झालीत! दुसऱ्या दिवशी आवाज बसला, तर म्हणे गुरांना हाका मारून बसला."

माझा हात थांबला. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवी नवरी, तिला कुठं लाजवायचं, म्हणून गिळलं होतं. उभा जन्म मला वाटत होतं की तिला कळलं नाही.

"तिला माहीत होतं?"

"पहिल्या घासापासून. तिनं पण खाल्ली ना तीच. ती म्हणायची, तवाच कळलं, माणूस बरा हाय, पण याच्या पोटातलं कधी कळायचं नाय."

नातीला सांगितलं. मला नाही. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो आणि मला नाही. मी विचारलं, "हे पण त्या बाईला माहीत हाय?"

"हो. बाई लय हसल्या. मी पण. म्हणजे मी आधी रडले, मग हसले."

आता सांगा, मी कुणावर जळायचं? बाईवर? नातीवर? का गेलेल्या म्हातारीवर? माझं गुपित तिघींना ठाऊक आणि मी शेवटचा. त्या दिवशी माझ्या पोटात जेवढी जळजळ झाली तेवढी जन्मात झाली नसेल. आणि त्याच वेळी शेवळं सोलता सोलता मला हसूही येत होतं, ते आवरेना. पोरगी माझ्याकडं बघून हसली. दात दिसले. फोटो काढणारं इथंही कुणी नव्हतं, पण या वेळी समोर मी होतो.

मुलगा आणि सून आले. हातपाय धुवायच्या आधी मुलानं विचारलं, "मग बाबा? काय करायचं हिचं? सेठ बोलला, दिवाळीनंतर जागा हाय."

"शाळेत जाईल," मी म्हणालो.

"जेवण?"

"आता खाजलं तर सांगते."

त्याला काही कळलं नाही. "डोक्यावरून गेलं बाबा."

"तुझ्या डोक्यावरूनच जाणार. तू पण माझाच हायस, गिळणारा. दहावी करील ती. तिकडं बाई हाय."

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मला कडू लागलं. पण ते परत घेतलं नाही.

शाळेत पोचवायच्या सकाळी पोरीनं बाईसाठी डबा करायचं काढलं. मी सोलायला बसलो. विळीवर एकेक शेवळ साफ करत होतो आणि मनात आलं, एकात पिवळं राहू द्यावं. एकाच. बाईला कळू दे घसा खाजणं म्हणजे काय. ते शेवळ मी साफ केलेल्या ढिगात सरकवलं.

"आजा," पोरगी चुलीपासून न वळता म्हणाली, "ते एक राहिलं."

"दिसलंय मला," मी म्हणालो आणि पिवळं काढून टाकलं.

बोलायच्या खोलीत बाईनं डबा आमच्यापुढंच उघडला. बोटानं थोडं घेतलं आणि खाल्लं. मी तिच्या घशाकडं बघत होतो.

"आजोबा, झकास झालंय."

"खरं सांगताय का गिळताय?"

"खरं. आंबट जरा पुढं आहे."

"खाजत नाय?"

"अजिबात नाही."

जरा वाईट वाटलं. नात दारात पिशवी घेऊन उभी होती, माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आजा, पाणी आणू?"

"आण," मी म्हणालो, आणि पहिल्यांदा त्या चटईवर बसलो.